डब्यात आलेले तीन गॅस प्लग

त्या तीन गॅस प्लगांपैकी तिसरा सगळ्यात चांगला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. माझ्या शपथेला आता फारशी किंमत उरलेली नाही, तो भाग वेगळा. पण मोजमापात मी कधी खोटं बोललेलो नाही आणि हे तीनही प्लग मी स्वतः मोजले होते, सिंगापूरमध्ये, एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा ते नुसते खिशात सापडले असते तरी मला बेड्या पडल्या असत्या.

बंदूक मी आयुष्यात कधी हातात धरलेली नाही. सिंगापूरच्या बुकित बातोक भागातल्या एका छोट्या कारखान्यात मी मापन विभागात होतो. आमच्याकडे पंपांना आणि तेलाच्या नळ्यांना लागणारे पोलादी सुटे भाग बनत आणि ते ठरल्या मापाचे आहेत की नाहीत हे मी बघत असे. मोजणं हा माझा धंदा होता आणि दुर्दैवाने स्वभावही तोच होता. कुणी ‘अंदाजे’ म्हणालं की माझं टाळकं सरकतं. बायको म्हणायची, ह्यांना पोळीसुद्धा मायक्रोमीटर लावून वाढायला हवी.

बंदूक होती माझ्या मेव्हण्याची. बायकोचा धाकटा भाऊ अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत होता. तिथे जाऊन त्याला शॉटगन चालवायचा नाद लागला. हा तोच मुलगा, ज्याला लहानपणी टिकल्यांच्या पिस्तुलाचा आवाज सहन व्हायचा नाही आणि दिवाळीत जो कानात कापूस घालून बसायचा. आता दर रविवारी तो माळावर जाऊन हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडत होता. त्याची बंदूक सेमी-ऑटोमॅटिक होती. एक गोळी झाडली की तिच्याच गॅसचा थोडा भाग मागे वळतो, एक दट्ट्या ढकलतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि पुढचं आपोआप जागेवर येतं. हा गॅस किती वापरायचा आणि किती सोडून द्यायचा हे ठरवणारं एक टोपण नळीखाली पुढच्या बाजूला बसतं, तोच गॅस प्लग. त्याच्या बंदुकीबरोबर आलेल्या प्लगाला हलकी काडतुसं मानवत नव्हती. रिकामं काडतूस अर्ध्यातच अडकायचं आणि त्याचा रविवार खराब व्हायचा. म्हणून त्याने वेगवेगळ्या लोकांनी बनवलेले, हवे तसे कमी-जास्त करता येणारे तीन प्लग विकत आणले आणि त्यातला कुठला ठेवावा हे विचारायला मला धरलं.

आमची शनिवारची सकाळ म्हणजे त्याची शुक्रवारची संध्याकाळ. चार-पाच शनिवार तरी तो तीन प्लग कॅमेऱ्यासमोर नाचवत होता. पहिला काळा, वर आकडे कोरलेले, नाणं घालून फिरवला की टक टक आवाज करणारा. दुसरा चकचकीत, स्टेनलेसचा, चावीने फिरवायचा. तिसरा राखाडी आणि ओबडधोबड, एक स्प्रिंग आणि एक स्क्रू, बाकी काही नाही. इंटरनेटवर लोक पहिल्याची आरती ओवाळत होते. “भाऊजी, सगळे म्हणतात पहिला घ्या,” तो म्हणायचा. मी विचारायचो, की सगळ्यांनी मोजलाय का? आट्यांमध्ये ढिलाई किती आहे, स्प्रिंग सारखी दाबली तर सैल पडते का, भोकं साफ कापली आहेत का? तो कॅमेरा आणखी जवळ न्यायचा आणि मला फक्त त्याचा अंगठा दिसायचा.

शेवटी एका सोमवारी सकाळी घराजवळच्या जुरोंग ईस्ट स्टेशनच्या फलाटावर गाडीची वाट बघत असताना त्याचा मेसेज आला, ‘भाऊजी, फायनल काय?’ मी चिडून उत्तर टाइप केलं, ‘असं बघून काही सांगता येणार नाही. कुणी येत असेल तर पाठवून दे, मोजून सांगतो.’

कुणी येत असेल तर पाठवून दे. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाच्या बोटांना हे वाक्य पाठ असतं. मेतकूट, जानवी, मिक्सरचं भांडं, कानाच्या मशीनचे सेल, गुडघ्याचं तेल असं काय काय आम्ही एकमेकांच्या बॅगांतून फिरवलंय. येणारा माणूस आला की आधी त्याची बॅग उघडायची आणि मग त्याला पाणी विचारायचं. मी ते वाक्य लिहिलं तेव्हा मला प्लग दिसत नव्हता, देश दिसत नव्हता, कायदा दिसत नव्हता. गाडी आली, मी चढलो आणि बुकित बातोकला उतरेपर्यंत ते विसरूनही गेलो.

येणारं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. मेव्हण्याला मुलगी झाली होती. आमच्याकडच्या वाटणीप्रमाणे पहिले तीन महिने सुनेची आई आणि पुढचे तीन महिने सासू. सासूबाई त्यांची पाळी करायला गेल्या खऱ्या, पण त्यांचा जीव पुण्यात अडकलेला होता. सासऱ्यांना विसर पडायला लागला होता. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग गल्ल्या, मग माझं आणि आमच्या मुलीचं नाव. सासूबाईंना मात्र ते बरोबर ओळखत. सोबतीला येऊन राहिलेल्या सासूबाईंच्या बहिणीला आणि दिवसभराच्या बाईला ते पाहुणे समजायचे आणि फोनवर रोज एकच विचारायचे, “कधी येतेस?” डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की रोज समोर दिसतं तेच माणूस टिकेल, फार दिवस लांब राहू नका. सासूबाईंना थेट पुणं गाठायचं होतं. माझ्या बायकोनेच हट्ट केला की वाटेत आठ दिवस आमच्याकडे थांब, नात विचारते. रविवारी येऊन पुढच्या रविवारी जायचं, असं तिकीट निघालं.

त्या रविवारी दुपारी आल्या. बॅग उघडली. बदाम, व्हिटॅमिनच्या बाटल्या, नातीला स्वेटर, जो सिंगापूरच्या उकाड्यात घालणार कधी हे देव जाणे. तळाशी आमचाच स्टीलचा डबा होता. बाळंतिणीसाठी बायकोने त्यातून डिंकाचे लाडू पाठवले होते. डबा रिकामा परत करायचा नाही ही आमच्यातली रीत. काही नाही तर चार दाणे साखर घालतात. बायकोने झाकण उघडलं. आत खरंच साखर होती आणि साखरेत, टिश्यू पेपरात गुंडाळलेले, तीन गॅस प्लग.

“हे काय, नळाचे पार्ट?” बायको हसली.

“त्यानं दिलेत, ह्यांच्यासाठी,” सासूबाई म्हणाल्या आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेल्या.

कॅमेऱ्यात इतक्या वेळा पाहिलेली ती टोपणं आमच्या जेवणाच्या टेबलावर होती, त्यांच्या आट्यांत साखर अडकली होती. बंदूक सोडाच, तिचा एखादा भाग विनापरवाना आणला तरी इथे कोणी हसण्यावारी नेत नाही, हे मला ठाऊक होतं. आमच्या ओळखीतल्या एकाला रिकाम्या काडतुसाची किल्लीची साखळी बॅगेत निघाली म्हणून विमानतळावर अर्धा दिवस बसवून ठेवलं होतं, ही गोष्ट गणपतीत सगळे रंगवून सांगायचे. इथे तर तीन कोरे, चालते भाग होते आणि ते आणले होते सत्तरीच्या बाईने, जिचं आठ दिवसांनी विमान होतं.

मी जिन्यात जाऊन मेव्हण्याला फोन लावला. “अरे, तुला अक्कल आहे का?”

“अहो भाऊजी, तुम्हीच तर म्हणालात पाठव! इथे दुकानात काउंटरवर मिळतं हे.”

“तो मेसेज पुसून टाक. आत्ताच्या आत्ता.”

त्याने पुसला. मीही पुसला. मेसेज पुसताना मी क्षणभरही थांबलो नाही. हे मला त्या वेळी खटकलं नाही, फार उशिरा खटकलं. घरात येऊन मी बायकोला सांगितलं की हा तुझ्या भावाचा आगाऊपणा आहे. ती खाली मान घालून बसली. भावाच्या वतीने ती माझी माफी मागत होती आणि मी ती माफी घेत होतो.

त्याच दुपारी डबा घेऊन पोलिसांकडे गेलो असतो तर कदाचित सगळं तासाभरात संपलंही असतं. पण चौकशी म्हटली की आधी पासपोर्ट काढून घेतात आणि पासपोर्ट नाही तर रविवारचं विमान नाही. मी ठरवलं, सासूबाईंना रविवारी विमानात बसवायचं आणि सोमवारी सकाळी आपण जायचं. हा बेत वाईट नव्हता. तो तेवढाच पाळला असता तर बरं झालं असतं.

पण घरात ते प्लग घेऊन राहणं मला जमेना. कचऱ्याच्या नळीत टाकावे तर खाली सफाईवाल्याला सापडणार. समुद्रात टाकावे तर प्रत्येक खांबावर कॅमेरा. चपलांच्या कपाटात, जुन्या बुटात ते ठेवले आणि त्या दिवसापासून दाराची बेल वाजली की मी उठून उभा राहायला लागलो. मुलगी घरात मैत्रिणीला घेऊन आली तरी मी त्या कपाटासमोर जाऊन उभा. “पपा, व्हाय यू सो स्ट्रेंज, लाह,” ती इथल्या इंग्रजीत म्हणाली. सासूबाई नुसत्या माझ्याकडे बघायच्या. त्या दिवसातून दोनदा पुण्याला फोन लावत. “रविवारी निघते, सोमवारी तुमच्या पुढ्यात,” त्या मोठ्याने सांगत आणि पलीकडून सासऱ्यांचा आवाज येई, “सोमवारी? नक्की ना?”

गुरुवारी एसी साफ करणारे येणार होते. घरमालकाचा नियम असतो तसा. ते घरभर फिरतील, म्हणून प्लग ऑफिसात नेतो, असं मी बायकोला सांगितलं. आता खोटं कशाला बोलू? एसीवाले चपलांचं कपाट कशाला उघडतील? चार दिवस ते तीन प्लग माझ्या घरात होते आणि मी ते मोजले नव्हते, हे मला झेपत नव्हतं. इतकी धास्ती पोटात असूनही बोटं शिवशिवत होती. मला माझी लाज वाटते ती मुख्यतः याची.

जुरोंग ईस्ट स्टेशनवर फाटकाच्या अलीकडे पोलिसांनी टेबल मांडलं होतं. असं अधूनमधून असतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांतल्या एखाद्याला बाजूला घेऊन बॅग उघडायला लावतात. एरवी मी तिकडे बघतही नसे. त्या दिवशी परत फिरावं तर तेच डोळ्यावर आलं असतं. माझ्या पुढच्या माणसाला त्यांनी हात केला. तो टेबलाकडे वळला, मी कार्ड टेकवलं आणि आत गेलो. गाडीत कुणी माझ्याजवळ उभं राहिलं नाही, इतका घामाने भिजलो होतो. बुकित बातोक पुढचंच स्टेशन, पण तेवढ्यात मी तीनदा बॅग चाचपली.

जेवणाच्या सुट्टीत मापनाची खोली रिकामी असते. मी दार लोटलं, साखर ब्रशने झाडली आणि कामाला लागलो. पहिल्या पाच मिनिटांत भीती गेली, हे मी कबूल करतो. काळ्या प्लगाचे आकडे सुंदर कोरलेले होते, पण पडद्यावर मोठा करून पाहिला तर एका भोकाच्या कडेला धातूचं कुसळ तसंच राहिलेलं. त्याचा टक टक आवाजही फसवा. दोन खुणांमधलं अंतर प्रत्येक वेळी वेगळं भरत होतं. चकचकीत प्लगाचे आटे सैल होते, गेज घातलं तर डुलत होतं. तो चार रविवारांत आपोआप फिरायला लागला असता. आणि तो राखाडी, ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्याचे आटे चोख होते. स्प्रिंग वीस वेळा दाबली, वीसही वेळा तेवढ्याच जोराने परत आली. कुणीतरी गाजावाजा न करता मन लावून तो बनवला होता. मी वहीत तीन रकाने पाडले आणि आकडे लिहिले. मला आनंद झाला होता. मी चक्क गुणगुणत होतो.

“व्हॉट इज धिस?”

माझ्या मागे आमच्या खात्यातले अंकल उभे होते. वयस्कर चिनी गृहस्थ, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मी नवा असताना इथली काळी कॉफी प्यायला मला त्यांनीच शिकवलं. रोज हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवर जेवून ते सावकाश परत येत, त्या दिवशी लवकर आले.

“पंपाचा पार्ट आहे,” मी इंग्रजीत म्हणालो.

त्यांनी चकचकीत प्लग उचलला, दोन बोटांत फिरवला, भोकं पाहिली आणि परत ठेवला. मग ती दोन बोटं त्यांनी पँटला पुसली. मी एक गोष्ट साफ विसरलो होतो. या देशात जन्मलेला प्रत्येक पुरुष दोन वर्षं सैन्यात काढतो. माझ्या कारखान्यात बंदूक खोलून जोडलेली नाही असा एकही स्थानिक माणूस नव्हता. परक्या देशातून आलेलो आम्हीच काय ते अडाणी.

“माय टाइम, आय वॉज इन आर्मरी,” अंकल हळूच म्हणाले. “धिस वन नॉट पंप, लाह.”

मी सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. सासूबाई, डबा, मेव्हणा, रविवारचं विमान, पुण्यातले सासरे. मेसेजचं नाही सांगितलं. सोमवारी मी स्वतः पोलिसांकडे जाणार आहे, फक्त रविवार उलटू द्या, असं मी हात जोडून म्हणालो. या देशात मी पहिल्यांदाच कुणापुढे हात जोडले.

ते बराच वेळ वहीतल्या तीन रकान्यांकडे बघत होते. नुसते प्लग सापडले असते तर त्यांनी कदाचित ऐकलं असतं. ते आकडे बघून हा माणूस त्यातला चांगला निवडतोय असंच त्यांच्या मनात आलं असणार, ते मला कळत होतं. “यू गो टुडे,” ते म्हणाले. “सेल्फ गो, बेटर. डोन्ट मेक मी गो.” आणि ते दार उघडं ठेवून बाहेर गेले.

वहीचं पान फाडून मी त्याचे तुकडे केले, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी आलो. बायकोला आतल्या खोलीत नेऊन सांगितलं. ती रडायला लागली. “तिला रविवारी जाऊ दे हो. पाया पडते तुमच्या. मग काय ते करा.” सासूबाई स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होत्या. आमची घरं ती केवढी, त्यांना सगळं ऐकू गेलं. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “म्हणजे ते बंदुकीचं होतं,” त्या म्हणाल्या. मी मान हलवली. “मग ह्यांचं काय?” त्यांनी विचारलं. ह्यांचं म्हणजे सासऱ्यांचं. सासूबाईंनी हात धुतले, चांगली साडी नेसली, पर्समधून पासपोर्ट काढून हातात घेतला. “चला,” म्हणाल्या, “मीच आणलंय ना.”

पोलिसांनी आम्हाला चहा दिला, आवाज चढवला नाही. पण आम्हाला दोन वेगळ्या खोल्यांत बसवलं. सासूबाईंसाठी हिंदी समजणारी एक बाई बोलावली. माझ्यासमोर तरुण अधिकारी होता. तो प्रत्येक उत्तर टाइप करून मला वाचायला द्यायचा. रविवारी मिळालं, मग गुरुवारी का आलात? मी म्हणालो, काय आहे ते कळत नव्हतं, ऑफिसात नेऊन पाहिलं आणि कळल्यावर लगेच आलो. हे वाक्य त्याने टाइप केलं. मग त्याने विचारलं, “तुम्ही हे मागवलं होतं का?”

मोजायला मला फार वेळ लागत नाही. एका बाजूला माझा वर्क पास, मुलीची शाळा, बारा वर्षांचं बस्तान. दुसऱ्या बाजूला एक पुसलेलं वाक्य. “नाही,” मी म्हणालो. “मला न विचारता पाठवलं.” त्याने माझा फोन घेतला, बराच वेळ बघितला आणि परत दिला. मी सही केली.

सासूबाईंचा पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतला. चौकशी पूर्ण होईपर्यंत देश सोडता येणार नाही. त्यांना राहायला एक तात्पुरता पास दिला. रविवारचं विमान त्यांच्याशिवाय गेलं.

अकरा आठवडे. मी ते रोज मोजले. पहिल्या पंधरवड्यात सासरे फोनवर चिडायचे, “सोमवार म्हणाली होतीस!” सासूबाई सांगायच्या, “विमान चुकलं हो, पुढच्या सोमवारी.” पुढच्या सोमवारी त्या पुन्हा तेच सांगत. मग त्यांचं चिडणं कमी झालं. आम्हाला बरं वाटलं, पण बरं वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ते व्हिडिओवर शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या बहिणीकडे बघायला लागले, सासूबाईंकडे नाही. “नेटवर्क खराब आहे, त्यांना माझा चेहरा दिसत नसेल,” सासूबाई म्हणायच्या आणि फोन घेऊन खिडकीशी जायच्या, मग गॅलरीत, मग खाली बागेत. आमच्याकडे नेटवर्क उत्तम होतं. मी वर उभा राहून त्यांना बाकावर फोन उंच धरून बसलेलं बघायचो आणि आत येऊन बायकोवर कशावरून तरी खेकसायचो. ऑफिसात अंकल माझ्याशी कामापुरतं बोलत. ते कॉफी प्यायला एकटेच जात.

अकराव्या आठवड्यात पत्र आलं. प्लग जप्त झाले, मला आणि सासूबाईंना लेखी ताकीद मिळाली, पुढे खटला नाही. सासूबाईंचा पासपोर्ट परत मिळाला. बायकोने भावाला फोन करून कळवलं. तो रडला, आईची क्षमा मागितली. मग फोन माझ्याकडे आला. जरा वेळ घुटमळून तो म्हणाला, “भाऊजी, राग मानू नका, पण तिन्हींतला चांगला कुठला निघाला?”

“तिसरा,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

विमानतळावर बायको सामानाच्या रांगेत होती. आम्ही दोघं बाजूला बसलो होतो. मला राहवलं नाही. “आई,” मी म्हणालो, “ते मीच मागवलं होतं.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “त्यानं मला मेसेज वाचून दाखवला होता. मोजायला हवेत म्हणाला. म्हणून तर मी स्वतःच्या हाताने डब्यात ठेवले, हरवू नयेत म्हणून.”

“मग पोलिसांना...”

“त्यांनी विचारलं, जावयानं मागवलं का. मी नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर मला त्याच आठवड्यात सोडलं असतं, ती हिंदी बोलणारी बाई तसं म्हणाली होती.” त्या पदर नीट करत होत्या. “पण मग तुम्हाला ठेवलं असतं. पोरीची शाळा होती.”

बायको परत आली, आम्ही उठलो. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. बायकोने स्पीकर लावला.

“पोचले गं.”

“बाबा कसे आहेत?”

“तब्येत चांगली आहे. आत्ताच चहा झाला.”

“ओळखलं ना तुला?”

पलीकडे कपबशी ठेवल्याचा आवाज आला.

“उठून खुर्ची दिली मला,” सासूबाई म्हणाल्या. “बसा म्हणाले. आमची मंडळी परदेशात अडकली आहे, आली की तुमची ओळख करून देतो, म्हणाले. मी विचारलं, कधी येणार? तर म्हणाले, काळजीचं काही नाही, जावई तिथेच आहे, तो बघतोय सगळं.”

बायको तोंडावर हात ठेवून उभी होती. मी फोनकडे बघत होतो.

“मग तू काय म्हणालीस?” तिने विचारलं.

“काय म्हणणार? हो म्हटलं.”